दोन पानांचा संकल्प

जानेवारी आला की आपल्या मोबाइलमध्ये एक यादी तयार होते. माझ्याही व्हायची. दोन वर्षांपूर्वीची यादी अजून आहे माझ्याकडे : पहाटे पाचला उठणे, रोज जिम, साखर बंद आणि वर्षभरात २४ मराठी पुस्तके वाचणे.

आमच्या बडोद्यात अशा यादीचं आयुष्य उत्तरायणापर्यंत. १४ जानेवारीला गच्चीवर पतंग, खाली उंधियू आणि जिलेबी. 'साखर बंद'चा पतंग तिथेच कटला. पाचच्या गजराचा त्याआधीच कटला होता. आणि २४ पुस्तकांपैकी डिसेंबरअखेर वाचून झाली किती? एकही नाही.

गंमत म्हणजे मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. ऑफिसात कुणी सगळं काम एकाच रिलीजमध्ये उरकू म्हणालं, तर पहिला विरोध माझा. कामाचे लहान तुकडे करा, एक चालवून बघा, मग पुढचा घ्या, हे मी रोज दुसऱ्यांना सांगतो. स्वतःच्या आयुष्याचा आराखडा मात्र ३१ डिसेंबरच्या रात्री एका बैठकीत!

त्याच डिसेंबरात बाबांच्या डोळ्यांचं दुखणं वाढलं. मधुमेहाचा परिणाम. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आहे ती नजर जपायची, गेलेली परत येणार नाही. मध्यवर्ती ग्रंथालयातून पिशवी भरून पुस्तकं आणणारा हा माणूस. एका रात्री पाहिलं, तर हातात भिंग घेऊन ते बराच वेळ एकाच ओळीवर थांबले होते.

"बाबा, मी वाचून दाखवू?"

"दाखव. दोनच पानं."

त्या दोन पानांना मला वीस मिनिटं लागली. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मित्रांत गुजराती, सिनेमा हिंदी. घरात मराठी अस्खलित बोलतो, म्हणून मला वाटायचं की मराठी येतं. पण मोठ्याने वाचताना भलतीच अडचण आली. दुनिया या अर्थाचा 'जग' आणि 'जगणं'मधला 'जग', दोन्ही कागदावर सारखेच दिसतात, उच्चार मात्र वेगळे. कुठे कोणता, हे कानालाच ठाऊक असावं लागतं. मी चुकलो की बाबा रागावत नव्हते, हसतही नव्हते. फक्त म्हणायचे, "परत वाच."

त्या रात्री झोप लागेना. बाबांची दोन कपाटं भरून पुस्तकं. बाबांना ती दिसत नाहीत, मला ती धड वाचता येत नाहीत, आणि माझ्या सहा वर्षांच्या लेकीला तर ती नुसती जुनी कपाटं वाटतात. मग ती पुस्तकं आहेत तरी कुणाची?

गेल्या १ जानेवारीला मी यादी केली नाही. एकच ठरवलं : रात्रीचं जेवण झालं की बाबांना दोन पानं वाचून दाखवायची. पुस्तक संपवायचं बंधन नाही.

तीन नियम ठेवले. पहिला, संकल्प इतका लहान हवा की सगळ्यात वाईट दिवशीही जमावा. ताप असो की रात्रीचा क्लायंट कॉल, दोन पानं होतात. दुसरा, त्याला रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाची शेपटी जोडायची. जेवण तर रोज होतंच, म्हणून वाचन जेवणानंतर. तिसरा, खाडा पडला तर उधारी ठेवायची नाही. काल राहिलं म्हणून आज चार पानं, असं केलं की आठवड्याभरात कर्ज साचतं आणि माणूस दुकानच बंद करतो. आज फक्त आजची दोन.

लहान सुरुवात करायला कमीपणा वाटत असेल, तर आपल्या सयाजीराव महाराजांकडे बघा. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी एकदम सगळ्या संस्थानात आणलं नाही. १८९३ साली अमरेली तालुक्यातल्या मोजक्या गावांत प्रयोग केला. संपूर्ण संस्थानाला ते लागू झालं १९०६ साली. मधे तेरा वर्षं! राज्याचा धनीही आधी थोडक्या जागी करून बघतो. आपण मात्र पहिल्याच सोमवारपासून नवा माणूस व्हायला निघतो.

वर्ष संपलं तेव्हा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच्या खुणा मोजल्या. २७४ दिवस वाचन, ९१ दिवस खाडा. खाड्यांत ऑफिसचा दौरा होता, लग्नं होती आणि निव्वळ आळसही होता. एकूण ५४८ पानं, म्हणजे तीन पुस्तकं. यादीतल्या २४ पुढे ही संख्या किरकोळ आहे. आदल्या वर्षीच्या शून्यापुढे नाही. दोन पानांना आता आठ मिनिटं लागतात. बाबांची नजर सुधारलेली नाही, पण जेवण झालं की ते स्वतःच भिंतीला धरत खुर्चीपर्यंत येतात. लेक कधी ऐकते, कधी मधेच झोपते. परवा मी घाईत एक परिच्छेद गाळला, तर तिनेच पकडलं, "बाबा, मधलं राहिलं!"

तुमची दोन पानं वेगळी असतील. रविवारी गावाकडच्या आत्याला एक फोन. आईकडून महिन्याला एक पदार्थ, 'अंदाजाने' ऐवजी वाटी-चमच्याच्या मापाने लिहून घेणं. आजीजवळ बसून जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहिणं, आठवड्याला एक फोटो. कमाटी बागेत एक फेरी, दहा नाही. काहीही निवडा, पण एकच.

आणि जानेवारीतच गाडी घसरली तरी बिघडत नाही. आपल्याला वर्षात तीन नववर्षं मिळतात : हे एक, मग गुढीपाडवा, आणि दिवाळीत शेजाऱ्यांचं बेसतुं वर्ष. कोणत्याही दिवशी पुन्हा सुरुवात करा. उधारी मात्र मोजू नका.

चला, जेवणं झाली आहेत. बाबा खुर्चीत येऊन बसलेत.