नऊ एकांचा घाट

मंडळी, पाटीवर नऊ वेळा एक लिहा : १११११११११. आता या संख्येला तिनेच गुणा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून पायरीपायरीने नवापर्यंत चढायचे आणि तसेच पलीकडे उतरायचे, साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढावा तसे! भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त जी अठरा स्थाने मोजली, त्यांतले सतरावे, म्हणजे ‘मध्य’, या संख्येने गाठले आहे. परार्धाला एकच घर कमी.

अशा संख्यांना ‘अद्भुत डेमलो संख्या’ म्हणतात. हे नाव दिले द. रा. कापरेकर यांनी. डेमलो म्हणजे आजचे डोंबिवली. तिथल्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली. कापरेकर देवळालीला १९३० ते १९६२ शाळामास्तर होते. आकड्यांचा हा नाद पुष्कळ विद्वानांना पोरखेळ वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले.

हा घाट होतो कसा? लहान उदाहरण घ्या, १११ गुणिले १११. एकाखाली एक तीन ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. रकान्यांत एक मोजा : १, २, ३, २, १. झाले १२३२१. नऊ एकांच्या नऊ ओळी मांडल्या तर मधल्या रकान्यात नऊ एक येतात. हातचा कुठेच नाही. एकूण एक ८१, आणि उत्तरातल्या अंकांची बेरीजही ८१च.

आता दहा एक घ्या. गुरुजी, हे उत्तर आधी सांगू नका. मुलांना करू द्या. बहुतेक पोरे नुसता नमुना पुढे ओढतील आणि फसतील. खरे उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गेला कुठे? मधल्या रकान्यात दहा झाले. शून्य लिहून हातचा एक. शेजारचे नऊही दहा झाले; पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो आठाला मिळाला आणि आठाचे नऊ झाले.

एक मात्र बघा. मांडणीत शंभर एक होते, पण उत्तरातल्या अंकांची बेरीज भरते ८२. अठरा कमी! हातचा घेताना दहाच्या जागी एक येतो, म्हणजे बेरजेतून नऊ गळतात. दोन हातचे, अठरा गळाले. आपला नवाचा ताळा चालतो तो याच कारणाने. कितीही हातचे येवोत, गळती नवाच्याच पटीत होते. शंभराचा ताळा १, ब्याऐंशीचाही १.

पण ताळा जमला म्हणजे हिशेब बरोबर, असे समजू नका. सांगलीच्या पेठेत हळद घातली, पट्टी व्हायची ५४०० रुपयांची, आणि उतरवताना झाले ४५००. ताळा दोन्हींचा नऊच. शेतकऱ्याचे ९०० रुपये मात्र गेले. अंकांची अदलाबदल झाली तरी नऊशेचा फरक नवाच्या पटीतलाच, तो ताळ्याला दिसत नाही. तेव्हा ताळा पाहा, आणि पट्टी मूळ चिठ्ठीशी आकडा आकडा ताडूनही पाहा.