छत्र, गावकीची खोली आणि यादीतले नाव

बंगळूरच्या चिकपेटेला खेटून असलेल्या मामूलपेटेत गुब्बी तोटदप्पा यांचा व्यापार होता. घराणे तुमकूरकडच्या गुब्बीचे, मूलबाळ नाही. आपली मिळकत त्यांनी वाटसरू आणि विद्यार्थी यांच्या निवाऱ्यासाठी देऊन टाकली. 1897मध्ये शहराच्या रेल्वे स्थानकाजवळ जागा घेतली आणि 1903मध्ये तिथले धर्मछत्र खुले झाले. ते आजही उभे आहे. शहरात नव्याने उतरलेल्या माणसाची पहिली रात्र उघड्यावर जाऊ नये, ही काळजी पेठेतल्या एका व्यापाऱ्याने सरकारच्या कितीतरी आधी वाहिली.

आपली मराठी माणसे परमुलखात तगली तीही अशाच आधारावर. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची सोने-चांदी गाळणारी गलाईवाली मंडळी देशभरातल्या सराफ पेठांत पसरली. गावाहून आलेले पोर आधी नात्यातल्या कुणाच्या तरी दुकानात राहायचे, काम शिकायचे आणि मग स्वतःचा संसार थाटायचे. मुंबईच्या गिरणगावात कोकण-घाटावरच्या माणसांनी गावकीच्या खोल्या केल्या. एकेका खोलीत पाळीपाळीने वीस-वीस माणसे झोपत, जेवण खानावळीत. वर्गणी काढून टिकवलेल्या त्या खोल्यांनी किती जणांना रस्त्यावर येण्यापासून वाचवले, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते. पण तिची दारे ओळखीवर उघडत. ज्याला गाव नाही, जात-नाते पाठीशी नाही, त्याने कुठे जायचे?

तो फुटपाथवर गेला. जुलै 1981मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या सरकारने ऐन पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या पाडायला घेतल्या. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. 10 जुलै 1985च्या निकालाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण फुटपाथवर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. त्या निकालातली एक बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 1976च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती, त्यांना पर्यायी जागा द्यावी असे न्यायालयाने सांगितले. वर्षानुवर्षे एकाच रस्त्यावर राहणाऱ्या दोन कुटुंबांत फरक उरला तो एका नोंदीचा.

भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांना हे नेमके कळले. 1984मध्ये सुरू झालेल्या स्पार्क या संस्थेने त्यांच्यासोबत फुटपाथवरच्या सुमारे 6 हजार कुटुंबांची पाहणी केली आणि 1985मध्ये तिचा अहवाल आला. कोण कुठून आले, काय काम करते, किती वर्षे इथे आहे, हे पहिल्यांदा कागदावर उतरले. याच बायकांतून महिला मिलन उभे राहिले. रोज दोन-चार रुपये बाजूला टाकणे, घराचा नमुना स्वतः आखणे, उंच भिंतीत पोटमाळा बसवून लहान जागेत संसार मावेल असे बघणे, ही सगळी कामे निरक्षर बायकांनी केली. त्यांच्या जोडीला जॉकिन अर्पुथम होते. जन्म कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावचा, म्हणजे बंगळूरच्या शेजारचाच. 1976मध्ये मानखुर्दची जनता कॉलनी उठवून लोकांना चिता कॅम्पला नेले गेले, तेव्हाचा लढा त्यांनीच लढवला होता. पुढे रेल्वेमार्गालगतच्या हजारो कुटुंबांचे पुनर्वसन झाले, तेव्हा रहिवाशांनी स्वतः केलेल्या याद्या कामी आल्या. 2000मध्ये अर्पुथम यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 2018मध्ये ते गेले.

बंगळूरला मात्र यादीचा धडा कटू मार्गाने मिळाला. जानेवारी 2013मध्ये इजीपुऱ्यातल्या दुर्बल घटकांच्या वसाहतीतून सुमारे 1,500 कुटुंबे हटवली गेली. मूळ वाटपात नाव असलेल्यांना घराचे आश्वासन तरी होते. भाड्याने राहिलेल्यांची नावेच नव्हती.

निवाऱ्यांबाबत नियम तसा स्पष्ट आहे. 2010पासून सर्वोच्च न्यायालयाने दर लाख वस्तीमागे शंभर जणांचा, चोवीस तास उघडा असा एक निवारा मागितला. 2013च्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात माणशी 50 चौरस फूट जागा आणि निवारा कामाच्या ठिकाणाजवळ, हेही आले. 2011च्या जनगणनेत बंगळूर महापालिकेची लोकसंख्या 84 लाखांवर होती, म्हणजे किमान 84 निवारे हवेत. ही संख्या गाठायला पालिकेला वर्षानुवर्षे जमले नाही. त्यातही कामाजवळचा निवारा हा मुद्दा चिकपेटेसाठी कळीचा. गठ्ठे वाहणाऱ्या हमालाला पहाटे माल उतरवायचा असतो. शहराच्या दुसऱ्या टोकाचा पलंग त्याच्या कामाचा नाही, म्हणून तो दुकानाच्या पायरीवरच आडवा होतो.

पेठेतल्या व्यापारी संघांना आणि इथल्या मराठी मंडळांना माझी विनंती आहे. ज्यांच्या पाठीवरून तुमचा माल येतो त्या माणसांची नावे, गाव, कामाची वर्षे लिहून घ्या आणि ती यादी पालिकेकडे द्या. ओळखपत्र नसेल तर ते काढून द्या, खोलीची अनामत जमत नसेल तर ती फिरत्या निधीतून उभी करा. भायखळ्याच्या बायकांनी हे काम हाती घेतले तेव्हा त्यांच्याकडे दुकानही नव्हते.