औद्योगिक संगणक-जाळ्यातील अँटिव्हायरसचे नूतनीकरण

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मोठ्या रसायन-कारखान्याचा विचार केल्यास तेथील संगणकांचे दोन वर्ग पडतात. हिशेब, भांडार व पत्रव्यवहार यांचे संगणक इंटरनेटला जोडलेले असतात. नियंत्रण-कक्षातील संगणक शक्यतो त्यापासून अलग ठेवले जातात. पहिले बंद करून पुन्हा सुरू करणे ही किरकोळ बाब होय. दुसरे अभिक्रिया चालू असताना बंद पडणे म्हणजे तापमान व दाब यांवरील नजर सुटणे होय.

अलगपणाचे महत्त्व उघड आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र चालविणाऱ्या महामंडळाच्याच कुडनकुलम केंद्रात २०१९ साली संगणक-विषाणू आढळला, तो प्रशासकीय कामाच्या संगणकात. नियंत्रण-प्रणालीस त्याची बाधा झाली नसल्याचे महामंडळाने सांगितले. तथापि अलग ठेवलेल्या यंत्रापर्यंत नवी विषाणू-लक्षणे आपोआप पोचत नाहीत. ती तपासलेल्या पेन-ड्राइव्हवरून न्यावी लागतात, आणि हे काम लांबणीवर पडते.

जोडलेल्या संगणकांसाठी एक मध्यवर्ती सर्व्हर नवी लक्षणे उतरवून घेऊन सर्वत्र वाटतो. कोणते यंत्र मागे राहिले याची नोंदही तोच ठेवतो. वस्तुतः ही नोंदच अधिक मोलाची. पण ती रोज वाचणारा मनुष्य विरळा.

त्वरा आणि सावधगिरी यांचा झगडा मात्र येथे सुटत नाही. जून २०१७ मध्ये नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ज्या नॉटपेट्यामुळे विस्कळित झाले, त्याने वापरलेल्या विंडोजमधील एका दोषावरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. परंतु त्याचा मूळ शिरकाव युक्रेनमधील एका हिशेब-प्रणालीच्या नूतनीकरणातूनच झाला होता, हेही विसरता येत नाही. पुढे १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-प्रणालीच्या एका सदोष फाइलने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक ठप्प केले. भारतात काही विमान-प्रवाशांना हस्तलिखित बोर्डिंग पास द्यावे लागले.

म्हणून नूतनीकरण प्रथम थोड्या बिनमहत्त्वाच्या यंत्रांवर, नंतर कार्यालयात आणि शेवटी, नियोजित बंदच्या काळात, नियंत्रण-कक्षात करावे, असा क्रम सुचविला जातो. तो योग्यच आहे. पण २०२४ मध्ये अनेक ग्राहकांनी मुद्दाम एक आवृत्ती मागे राहण्याची व्यवस्था केलेली होती; ती मूळ प्रणालीला लागू होती, लक्षणांच्या फाइलला नव्हती. तेव्हा नियंत्रण-कक्षासाठी अशी प्रणाली निवडताना दोन्ही प्रकारचे नूतनीकरण रोखण्याचा अधिकार कारखान्याकडे राहतो काय, हे खरेदीपूर्वीच लेखी विचारून घेतले पाहिजे.