पाण्यापेक्षा मीठ वाईट: कॅमेऱ्याच्या बिघाडाबद्दलचे गैरसमज

सातपाटीच्या बंदरावर पापलेटची आवक आणि नारळी पौर्णिमेची मिरवणूक वर्षानुवर्षे टिपणारा कॅमेरा एके दिवशी बटण दाबूनही उघडत नाही, तेव्हा घरात एकच कोडं पडतं: पाण्यात पडला नाही, पावसात भिजला नाही, मग बिघडला कसा? भिजल्याशिवाय कॅमेरा बिघडत नाही, हा पहिला गैरसमज. लाटा फुटताना उडणारे तुषार वाऱ्याबरोबर गावात येतात; त्यातलं पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. ते बॅटरीच्या कप्प्यातल्या धातूच्या पट्ट्यांवर, कार्डाच्या खाचेत, बटणांच्या फटींत बसतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की साधं मीठ विरघळू लागतं. समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर 33 टक्क्यांच्या आसपासच ओल धरतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेच इथे घडतं; फक्त इथे जोडीला बॅटरीचा प्रवाह असतो. खारं पाणी वीज वाहून नेतं आणि त्या प्रवाहाने तांबं झिजत जातं, हिरवट पूड जमते. बिघाड एका सकाळी दिसतो, पण त्याची तयारी कित्येक महिने चाललेली असते.

दुसरा गैरसमज तांदळाच्या डब्याचा. तांदूळ ओल शोषतो, पण फार थोडी आणि फार हळू. शिवाय त्याची पूड लेन्सच्या फटीत जाते. ‘आमचा कॅमेरा तांदळात ठेवल्यावर चालू झाला’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात. पण तेवढ्या वेळात तो उघड्या हवेतही वाळलाच असता. खरी अडचण पुढे आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. वाळवल्याने पाणी जातं, क्षार तिथेच राहतात. म्हणून मे महिन्यात सुधारलेला कॅमेरा जुलैच्या दमट हवेत पुन्हा बंद पडू शकतो. खाऱ्या पाण्यात भिजलेला कॅमेरा ‘चालतो का बघू’ म्हणून सुरू करणं ही तर सर्वांत महागात पडणारी चूक. बॅटरी आणि कार्ड ताबडतोब काढावं, वाळण्याची वाट न पाहता कॅमेरा दुरुस्तीला द्यावा आणि पाणी खारं होतं हे कारागिराला आवर्जून सांगावं.

मग प्रत्येक बिघाड मालकाच्या हयगयीमुळेच होतो का? तसंही नाही. ऑक्टोबर 2005 मध्ये सोनी, कॅनन, निकॉन अशा अनेक कंपन्यांना जाहीर करावं लागलं, की सोनीने बनवलेल्या काही सीसीडी सेन्सरमध्ये दोष आहे. उष्ण आणि दमट हवेत त्यांच्या आतली जोडणी सुटत होती; चित्र वेडंवाकडं किंवा काळं दिसू लागे. कंपन्यांनी ते फुकट दुरुस्त करून दिले. दोष कारखान्यातला होता, पण तो उघडा पाडला हवेने. म्हणजे किनाऱ्यावरची दमट हवा ही कॅमेऱ्याची रोजची परीक्षाच असते.

तिसरा गैरसमज, बंद पडला म्हणजे मेला आणि फोटोही गेले. आधी दुसरी चार्ज केलेली बॅटरी आणि दुसरं कार्ड घालून पाहावं. पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसाव्यात. अनेकदा दोष तेवढाच असतो. फोटो कार्डावर असतात, कॅमेऱ्याच्या जिवावर नाही. चुकून पुसले गेले असले तरी त्यांवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत ते परत मिळण्याची शक्यता असते, म्हणून त्या कार्डावर आणखी फोटो काढू नयेत. मात्र कॅमेरा घरी खोलू नये: फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही 300 व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक असू शकतो.

‘मग किनाऱ्यावर कॅमेरा न्यायचाच नाही का?’ असा आक्षेप कोणी घेईल. जरूर न्यावा. फक्त परतल्यावर बॅटरी काढून गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने तो बाहेरून हलकेच पुसावा आणि मग कोरडा करावा. कोरड्या फडक्याने घासल्यास मिठाचे कण चरे पाडतात. चामड्याच्या पिशवीत बुरशी धरते, म्हणून तो सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा आणि पुड्या दमट झाल्या की बदलाव्यात. दुरुस्तीच्या बिलापुढे हा खर्च काहीच नाही.