एक माणूस, चार दुखणी

मैत्रिणींनो, केशवसुतांचं मालगुंड हे माझं सासर. सासूबाईंना मधुमेह, रक्तदाब, गुडघ्यांचा संधिवात. त्यात मूत्रपिंडाची तक्रार सुरू झालेली. एका दुखण्याचे डॉक्टर गावातले, दुसऱ्याचे रत्नागिरीचे. गोळ्या मात्र एकाच डब्यात!

गेल्या पावसाळ्यात गुडघे ठणकू लागले, तेव्हा शेजारच्या वहिनींनी दिलेल्या गोळ्या त्या आठवडाभर गुपचूप घेत होत्या. पायांवर सूज आली, रक्तदाब चढला. डॉक्टर म्हणाले, "या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडालाही इजा होते." मी विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "कशाला गो तुला सारखं सांगायचं? आधीच तुझे हाल." खरं सांगू, मला ते वाक्य फार लागलं. माझ्या कपाळावरची आठी त्यांनी वाचली होती.

मग आम्ही दोघींनी एक वही घातली. औषधाचं नाव, ते कशासाठी, कोणी दिलं, कधी घ्यायचं. शेवटच्या पानांवर साखरेचे नि रक्तदाबाचे आकडे. कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना वही बरोबर. आकडे सासूबाई स्वतःच लिहितात.

तुमच्याही घरी असं असेल, तर एवढं सांभाळा. मीठ दिवसाकाठी सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. लोणचं, पापड, सुकी मासळी यांतलं मीठही त्यातच धरायचं. 'कमी सोडियम'च्या मिठात बहुधा पोटॅशियम असतं. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका. मधुमेहात पाय बधिर होतात, जखम कळत नाही. म्हणून वाडीत अनवाणी जायचं नाही आणि रात्री तळवे पाहायचे. मधुमेहाची औषधं चालू असताना एकाएकी घाम, थरथर, गोंधळ दिसला, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही घालू नका. १०८ ला फोन करा.

आणि बाई गं, सगळं एकटीनं ओढू नका. आमच्याकडे औषधं आणायचं काम आता ह्यांचं. रविवारचा दिवस नणंदेचा. त्या दिवशी मी निवांत समुद्रावर फिरून येते.

परवा सासूबाईंनी आपणहून हाक मारली, "अगो, आज पाय जरा जड वाटतायत." ऐकून मला हायसं वाटलं. दुखणी चारही आहेत तिथेच आहेत. लपवाछपवी तेवढी गेली.