स्टँडर्ड हेरल्ड: स्पिटफायरची मद्रासची बहीण

ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं वेड मला लहानपणापासून. बीडमध्ये राहून ते जपायचं, तर माझ्यासाठी गाडी एकच: स्टँडर्ड हेरल्ड!

१९५९ साली इंग्लंडमध्ये ट्रायम्फ हेरल्ड आली. डिझाइन इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांचं. १९६१ पासून तीच गाडी मद्रासला ‘स्टँडर्ड’ नावाने बनू लागली. आणि १९६२ ची गाजलेली दोन सीटची ट्रायम्फ स्पिटफायर? ती हेरल्डचीच चॅसिस आखूड करून तयार झाली!

हेरल्डचं बॉनेट मडगार्डसकट पुढे उलटतं, पुढच्या टायरवर बसून इंजिनाचं काम करता येतं. २५ फुटांच्या वर्तुळात गाडी पूर्ण वळते, त्यामुळे अंबाजोगाईच्या गल्लीबोळांतही अडचण नाही.

चालवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी:

🔧 पुढच्या ट्रनियनमध्ये (चाक ज्यावर वळतं त्या आट्यांच्या सांध्यात) ग्रीस नको, ९० नंबरचं गिअर ऑइल भरा. नाहीतर आटे झिजून चाक निखळू शकतं.

🔧 मागे स्विंग अ‍ॅक्सल आहे. मांजरसुंबा घाटात वेग वळणाआधीच कमी करा. भर वळणात अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडलात, तर मागचं चाक आत दुमडून गाडी घसरते.

कुणाच्या वाड्यात, शेतातल्या शेडमध्ये हेरल्ड उभी असेल, तर कृपया भंगारात घालू नका. फोटो टाका, ती चालू करायला मी नक्की मदत करेन!