खिडकी आणि कोठार

दिंडोशीच्या एखाद्या शाळेचें ग्रंथालय डोळ्यांपुढें आणा. एका कोष्टकांत पुस्तकें, दुसऱ्यांत विद्यार्थी, तिसऱ्यांत कोणतें पुस्तक कोणाकडे गेलें याची नोंद. अशीं कोष्टकें परस्परांशीं जोडण्याची शास्त्रीय रीत एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडली. या कोठारास डेटाबेस म्हणतात. पोस्टग्रेस नांवाचा सर्व्हर त्याची राखण करतो. पीजीॲडमिन ही केवळ आंत पाहण्याची व काम सांगण्याची खिडकी होय.

खिडकी बंद पडली म्हणजे कोठार जळालें असें नव्हे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असें दिसल्यास सर्व्हर चालू आहे काय, पत्ता व पोर्टचा क्रमांक बरोबर आहे काय, हें पाहावें. हा क्रमांक बहुधा ५४३२ असतो. पासवर्ड चुकल्याचें उत्तर आल्यास सर्व्हर चालू आहे, इतकें तरी निश्चित समजावें. घाबरून सर्व कांहीं पुसून नव्यानें बसवूं नये; त्यांत कोठारच नष्ट होण्याचा संभव असतो.

खरें भय खिडकी सुरळीत चालत असतांच असतें. परत आलेल्या एका पुस्तकाची नोंद पुसतांना अट लिहावयास विसरलें, तर साऱ्याच नोंदी पुसल्या जातात. यंत्र हेतु ओळखीत नाहीं. म्हणून तीच अट घालून नोंदी प्रथम पाहाव्या व मोजाव्या. ऑटो कमिट बंद ठेवावें, म्हणजे चूक परत फिरवितां येते. बॅकअप घ्यावा, आणि तो खरोखर उघडतो कीं नाहीं हेंही पाहून ठेवावें. नोंद दुसऱ्याची असते. सावधगिरी आपली असावी.